मीठ पाण्यात विरघळताना काय होतं: घरी करायचा प्रयोग, तयारीपासून मीठ परत मिळेपर्यंत

दरवर्षी सहावी ते आठवीच्या वह्या तपासताना मला हीच चार वाक्यं सापडतात. 'मीठ पाण्यात वितळते.' 'मीठ नाहीसे होते.' 'पाण्याची पातळी वाढत नाही.' 'मिठाचे रेणू पाण्याच्या रेणूंमधल्या रिकाम्या जागेत बसतात.' पहिली दोन वाक्यं सरळ चूक आहेत. उरलेली दोन वाचायला बरोबर वाटतात, म्हणून ती जास्त त्रास देतात. मुलांनी प्रयोग केलेला असतो, पण तयारी न करता आणि उलट्या क्रमाने. मग जे दिसलं नाही ते पाठ केलेल्या वाक्यातून उतरवलेलं असतं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. एकाच बाटलीतलं द्रावण पुढे पुढे वापरायचं आहे, त्यामुळे एखादी पायरी मागेपुढे झाली की पुढचे आकडे जुळत नाहीत. विजेची चाचणी शेवटी आहे, कारण तिच्यानंतर ते पाणी कशाच्याही उपयोगाचं राहत नाही.

आधी एक शब्द नीट करून घ्या

आपल्याकडे बोलताना 'मीठ वितळलं' असं सर्रास म्हणतात. वितळणं म्हणजे उष्णतेने घनाचा द्रव होणं, जसं तूप किंवा मेण वितळतं. नुसतं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. भुसावळचा मे महिना कितीही कडक असला तरी पारा पंचेचाळिशीच्या आसपास थांबतो. पाण्यात मीठ विरघळतं. त्याला पाणी लागतं, आच लागत नाही. वहीत पहिल्या ओळीपासून 'विरघळणे' हाच शब्द लिहा. शब्द चुकला की मूल उष्णतेत कारण शोधत बसतं.

टप्पा १: सामान आणि वेळ

घरात बहुतेक सगळं असतं:

- १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा
- बाळाच्या दुधाची २५० मिलिलिटरची, खुणा असलेली पारदर्शक बाटली
- पाकिटातलं बारीक मीठ आणि थोडं खडे मीठ
- इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी, एक लिटर
- काचेची रुंद ताटली, नसेल तर काचेचं झाकण
- मलमलचा तुकडा किंवा जुनी ओढणी, दोरा, कागद
- विजेच्या टप्प्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहमचा रोधक, वायर आणि पेन्सिलीची दोन शिसं

डिस्टिल्ड पाण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. आपल्या भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. हंड्याच्या आत जो पांढरा थर बसतो तो पाण्यात आधीपासून विरघळलेल्या क्षारांचा असतो. ते पाणी वापरलं तर विजेचा टप्पा पूर्ण फसतो. डिस्टिल्ड पाणी घेताना दुकानदाराला 'बॅटरीचं पाणी' एवढंच सांगू नका, बाटलीवरचं नाव वाचा. बॅटरीचं आम्ल ही वेगळी आणि घातक वस्तू आहे.

वेळ निवडायची तर दिवाळीनंतर किंवा मार्च ते मे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. श्रावणात बरणीतलं मीठ चिकट होतं ते यामुळेच. त्या दिवसांत मीठ वाळवून वजन करायला गेलात तर ताटली कधी कोरडी होणार नाही.

तपासा: काटा सपाट फरशीवर ठेवा आणि पंखा बंद करा. एकच वाटी तीनदा ठेवून पाहा. तिन्ही वेळा आकडा सारखा आला तरच पुढे जा.

टप्पा २: वजन, म्हणजे मीठ गेलं कुठे याचं उत्तर

१. कोरडी बाटली काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा आणि २०० ग्रॅम पाणी ओता. पातळी कोणत्या खुणेवर आहे ते डोळा खुणेच्या समोर आणून वाचा, बाटलीवर पेनाने रेघ मारा आणि वहीत लिहा. पुढच्या टप्प्यात हा आकडा लागणार आहे.

२. कागदावर ६० ग्रॅम मीठ मोजून घ्या.

३. पाण्याची बाटली, तिचं झाकण आणि मीठ असलेला कागद हे सगळं एकदम काट्यावर ठेवून एकूण वजन लिहा.

४. मीठ बाटलीत ओता. झाकणाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीचा दुहेरी तुकडा घालून ते घट्ट बसवा, कारण दुधाच्या बाटलीच्या बुचाला भोक असतं.

५. पाच-सात मिनिटं हलवा, थोडं थांबा, पुन्हा हलवा. तळाशी एकही कण दिसता कामा नये.

६. बाटली, झाकण आणि रिकामा कागद पुन्हा एकत्र काट्यावर ठेवा.

दोन्ही वेळचं वजन सारखं आलं पाहिजे. फार तर एका ग्रॅमचा फरक, तोही काट्यामुळे.

इथे सगळ्यात जास्त मुलं उघड्या पेल्यामुळे चुकतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी एका प्रदर्शनात हाच प्रयोग एप्रिलमध्ये, पंख्याखाली, उघड्या भांड्यात मांडला होता. परीक्षक येईपर्यंत वजन दोन ग्रॅमने उतरलं आणि मुलांनी मान खाली घालून 'थोडं मीठ नाहीसं झालं' असं सांगून टाकलं. मीठ जिथल्या तिथे होतं, उडालं होतं पाणी. तयारी माझी कमी पडली होती. तेव्हापासून मी झाकणाशिवाय हा प्रयोग करू देत नाही.

दुसरी चूक कागदाची. कागदाला चिकटलेलं मीठ विसरलं जातं, म्हणून तो दोन्ही वेळा काट्यावर हवा.

सहावीतल्या एका मुलाने मला अहिराणीत विचारलं होतं, "सर, मीठ कथा गय?" तेव्हा मी काटा पुढे सरकवला. दिसत नाही म्हणून ते नाही, असं काटा म्हणत नाही. आता आत काय घडतं ते सांगण्याची वेळ आली.

मिठाचा कण म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांच्या आयनांची, म्हणजे विद्युत प्रभार असलेल्या अणूंची, आळीपाळीने रचलेली चळत. सोडियमच्या आयनावर धन प्रभार असतो, क्लोराइडच्या आयनावर ऋण. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी ही घट्ट मांडणी आहे. यात 'एक सोडियम, एक क्लोरीन' अशी सुटी जोडी कुठेच नसते, म्हणून 'मिठाचे रेणू' हा शब्द इथे बसत नाही.

पाण्याचा रेणू मात्र खरा रेणू आहे. त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण असते आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन. पाणी मिठाच्या कणाला भिडतं तेव्हा कोपऱ्यावरचे आणि कडेवरचे आयन आधी सुटतात, कारण त्यांना धरून ठेवणारे शेजारी कमी असतात. सोडियमकडे पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू करून उभे राहतात, क्लोराइडकडे हायड्रोजनची. अशा वेढ्यात एकेक आयन चळतीपासून दूर जातो. वेगळे झालेले आयन डोळ्यांना दिसण्याच्या पलीकडे लहान असतात, म्हणून पाणी पुन्हा नितळ दिसतं.

पाकिटातल्या मिठाने पाणी किंचित गढूळ झालं तर घाबरू नका. मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेल्या पदार्थामुळे ते होतं.

टप्पा ३: पातळी वाढते की नाही

बाटली सरळ उभी ठेवा आणि पातळी वाचा. २०० च्या आसपास होती ती आता २२२ च्या आसपास आलेली दिसेल. म्हणजे पातळी वाढली, आणि चांगली २२ मिलिलिटरने.

मग वहीत 'पातळी वाढत नाही' का लिहिलं जातं? कारण प्रयोग पेल्यात, चमचाभर मिठाने केलेला असतो. २०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळलं की आकारमान जेमतेम दीड मिलिलिटर वाढतं. घरच्या पेल्याच्या रुंदीत ही वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहते. ती डोळ्याला दिसत नाही, एवढंच. न दिसणं आणि न होणं यांत फरक करायला मुलांना इथेच शिकवता येतं.

आता बारकी गोष्ट. ६० ग्रॅम मिठाच्या कणांचं स्वतःचं आकारमान सुमारे २८ मिलिलिटर असतं. पातळी मात्र २२ नेच वाढली. उरलेल्या पाच-सहा मिलिलिटरचं काय? आयनांच्या ओढीमुळे त्यांच्याभोवतीचं पाणी नेहमीपेक्षा दाट बसतं आणि एकूण आकारमान थोडं आक्रसतं. 'रिकाम्या जागेत बसतात' या वाक्यात खरं आहे ते एवढंच. रिकाम्या खुर्च्यांवर पाहुणे बसावेत तशी तयार जागा पाण्यात नसते.

चूक टाळा: वाटीत मीठ मोजून 'वाटीभर पाणी अधिक वाटीभर मीठ' असा हिशेब करू नका. ६० ग्रॅम बारीक मीठ वाटीत सुमारे ५० मिलिलिटर जागा घेतं, कारण कणांच्या मध्ये हवा असते. हवेची जागा मिठाच्या नावावर गेली की आकडा भलताच येतो.

टप्पा ४: परत मिळवायचं मीठ आत्ताच बाजूला काढा

हे बहुतेक जण विसरतात आणि मग उरलेल्या द्रावणाचा हिशेब लागत नाही.

काचेची ताटली स्वच्छ, कोरडी करून वजन करा आणि तो आकडा लिहून ठेवा. नंतर तिच्यात बाटलीतलं ६५ ग्रॅम द्रावण ओता. एकूण द्रावण २६० ग्रॅम होतं, म्हणजे हा बरोबर चौथा हिस्सा. त्यात १५ ग्रॅम मीठ असलं पाहिजे. बाटलीत आता १५० ग्रॅम पाणी आणि ४५ ग्रॅम मीठ उरलं.

ताटली गच्चीवर ठेवा, कुरडया-पापड वाळत घालतो तिथेच. वर ओढणी ताणून बांधा, पण ती द्रावणाला टेकू देऊ नका, नाहीतर कापड द्रावण शोषून घेईल. वावटळीत धूळ पडली की वजन वाढतं. दुसऱ्या ताटलीत तेवढंच साधं बोअरचं किंवा नळाचं पाणी ठेवा. ते आटल्यावर काय उरतं हेही पाहायचं आहे.

टप्पा ५: ढवळायचं नाही, नुसतं पाहायचं

गच्चीवर ऊन काम करत असताना हा टप्पा करा.

दोन सारखे पारदर्शक पेले पाण्याने भरा. एकात चमचाभर खडे मीठ तळाशी सोडा. दुसऱ्यात तेवढंच खडे मीठ मलमलच्या पुरचुंडीत बांधून, पाण्याच्या वरच्या भागात बुडेल असं दोऱ्याने टांगा. पेल्यामागे खिडकीचा उजेड येऊ द्या.

टांगलेल्या पुरचुंडीतून तळाकडे उतरणाऱ्या पारदर्शक रेघा दिसतील, तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशा. मिठाचं पाणी जड असतं, ते खाली जातं आणि त्याच्या जागी ताजं पाणी मिठापर्यंत येतं. तळाशी ठेवलेलं मीठ मात्र स्वतःच तयार केलेल्या जड, खारट थराखाली अडकतं. म्हणून टांगलेलं आधी संपतं. मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण उलटं सांगतात, आणि मला हा टप्पा आवडतो तो त्यासाठीच.

तपासा: तळाच्या मिठाचा पेला न हलवता एक दिवस ठेवा. स्वच्छ स्ट्रॉने वरचं थेंबभर आणि तळाचं थेंबभर पाणी चाखा. चवीत मोठा फरक लागेल. आयन आपोआप पसरतात हे खरं, पण पेलाभर पाण्यात सारखे व्हायला कित्येक दिवस लागतात. ढवळण्याने विरघळण्याचा वेग वाढतो, विरघळणाऱ्या मिठाचं प्रमाण वाढत नाही.

त्याच वेळी एका वाटीत गोडं तेल घेऊन त्यात चिमूटभर मीठ टाका. दिवसभर ठेवलंत तरी कण तसाच राहील. तेलाच्या रेणूंना पाण्यासारख्या धन-ऋण बाजू नसतात, त्यामुळे आयनांना चळतीतून ओढून काढणारं कोणी नसतं. कळण्याची भाकरी तेल, तिखट आणि मिठाशी खाताना मिठाचा कण दाताखाली कचकन येतो, तो याच कारणाने.

टप्पा ६: आता पुरे, असं पाणी केव्हा म्हणतं

१. कागदावर २० ग्रॅम मीठ मोजून घ्या. बाटलीत आधीचं १५० ग्रॅम पाणी आणि ४५ ग्रॅम मीठ आहेच.

२. त्यातलं चिमूट-चिमूट मीठ बाटलीत टाका. प्रत्येक वेळी झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि तळ पाहा.

३. हलवूनही कण उरायला लागले की थांबा. दहा मिनिटांनी पुन्हा हलवा. तरी कण उरले तर द्रावण संपृक्त झालं.

४. कागदावर उरलेलं मीठ मोजा. २० मधून ते वजा करा आणि ४५ मध्ये मिळवा.

उत्तर ५४ ग्रॅमच्या जवळ यायला हवं, म्हणजे १०० ग्रॅम पाण्याला सुमारे ३६ ग्रॅम. ६०-६५ आलं तर तळाशी साचलेलं मीठही तुम्ही मोजलं. ५० च्या खाली आलं तर हलवायला कंटाळा केला. शेवटचे तीन-चार ग्रॅम फार हळू विरघळतात आणि मुलं नेमकी तिथेच हात टेकतात.

'पाणी गरम केलं की खूप जास्त मीठ विरघळेल' असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. साखरेच्या बाबतीत ते खरं आहे, मिठाच्या बाबतीत फारसं नाही. बर्फाच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात ३५.७ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम. गरम पाण्यात ते लवकर विरघळतं, म्हणून जास्त विरघळल्यासारखं वाटतं. बारीक मीठ आणि खडे मीठ यांचंही तसंच: वेळ वेगळा, मर्यादा एकच.

संपृक्त झालं म्हणजे आत सगळं थांबलं असं नाही. जितके आयन कणापासून सुटतात तितकेच परत येऊन बसतात. या स्थितीत सोडियम-क्लोराइडच्या एका जोडीच्या वाट्याला पाण्याचे जेमतेम नऊ रेणू येतात. चमचाभर मीठ घातलेल्या पेल्यात हेच प्रमाण एकशे तीसच्या आसपास असतं. दोन्ही आयनांना मनाजोगता वेढा घालायला मिळून बाराएक रेणू लागतात, त्यामुळे संपृक्त द्रावणात तेच रेणू आयनांमध्ये वाटून जातात.

टप्पा ७: विजेची चाचणी

सावधान: फक्त ९ व्होल्टची बॅटरी वापरा. घरातल्या प्लगची वीज मिठाच्या पाण्याजवळ आणायची नाही. 'फक्त एकदा' म्हणूनही नाही. मोठं माणूस समोर हवं आणि खिडक्या उघड्या हव्यात.

बॅटरी, रोधक आणि एलईडी एका ओळीत जोडा आणि दोन मोकळ्या टोकांना पेन्सिलीची शिसं बांधा. शिसं एकमेकांना टेकवून एलईडी लागतो का ते आधी पाहा. लागला नाही तर एलईडीचे पाय उलटे करा. मग शिसं दोन सेंटिमीटर अंतरावर धरून या क्रमाने बुडवा, आणि प्रत्येक वेळी ती डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पुसा:

- कोरडं मीठ: लागत नाही
- डिस्टिल्ड पाणी: लागत नाही, फार तर अंधारात नावापुरता
- डिस्टिल्ड पाण्यात साखर: तसंच
- डिस्टिल्ड पाण्यात मीठ: झगझगीत

कोरड्या मिठात आयन आहेत, पण ते जागेला खिळलेले असतात. नुसत्या पाण्यात वाहून नेणारं जवळजवळ कोणी नसतं. साखर विरघळली तरी तिचे रेणू अखंड राहतात, त्यांना प्रभार नसतो. मिठाच्या पाण्यात आयन सुटे असतात आणि हलू शकतात. मीठ रेणूंच्या रूपात विरघळत नाही हे दाखवणारा हा घरातला सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे. शेवटी बोअरच्या पाण्यातही शिसं बुडवून पाहा. एलईडी मंद का होईना लागतो, आणि डिस्टिल्ड पाण्याचा आग्रह का होता ते कळतं.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त बुडवू नका. शिसांवर बुडबुडे येतात. एकीकडे हायड्रोजन असतो, दुसरीकडे थोडा क्लोरीन, आणि त्याचा उग्र वास लगेच ओळखू येतो. वास आला की थांबा.

टप्पा ८: मीठ परत

गच्चीवरची ताटली उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत कोरडी होते. कडेचे स्फटिक भिंगातून पाहा. चौकोनी ठोकळे दिसतील, कारण आयनांची चळतच तशी चौकोनी असते. ताटली सावलीत ठेवून हळू आटवलीत तर ठोकळे मोठे येतात.

वजन करण्याआधी ताटली पुन्हा दोन तास उन्हात ठेवा. वजन करा, परत तासभर ठेवा, परत करा. दोन आकडे सारखे आले म्हणजे ती खरंच कोरडी आहे. त्यातून रिकाम्या ताटलीचं वजन वजा करा. उत्तर १५ ग्रॅम, एखाद्या ग्रॅमच्या फरकाने. १८-१९ आलं तर ओलावा किंवा धूळ आहे. १२ आलं तर ओढणी टेकली होती, किंवा ओतताना सांडलं.

घाई म्हणून गॅसवर आटवू नका. शेवटी मीठ तडतडून उडतं, डोळ्यांत जाऊ शकतं आणि वजनही कमी येतं. ॲल्युमिनियमचं भांडं तर मुळीच नको, खारं पाणी त्याला खातं.

साध्या पाण्याच्या ताटलीत पांढरी पुसट कड उरलेली दिसेल. काट्यावर ती शून्य दाखवेल, पण बोटाला लागेल. खोलगट वावरात पाणी साचून आटलं की मातीवर जो पांढरा थर येतो, तो याच तऱ्हेने तयार होतो. पाणी वर उडून जातं आणि विरघळलेले क्षार मागे राहतात.

उरलेल्या द्रावणाचं काय करायचं

ते पिऊ नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. इतकं खारट पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून जीवावर बेतू शकतं. शेतात फवारणीचं औषध पोटात गेल्यावर उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजायची पद्धत काही गावांत अजून आहे. ते कधीही करू नका, माणसाला औषधाच्या डब्यासकट थेट दवाखान्यात न्या.

विजेच्या टप्प्यातलं पाणी आणि बाटलीतलं संपृक्त द्रावण भरपूर साध्या पाण्याबरोबर मोरीत सोडा. तुळशीत, कुंडीत किंवा परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओतू नका. बाटली बाळासाठी परत वापरायची नाही, तिच्यावर 'प्रयोग' असं लिहून ठेवा. ताटलीतले चौकोनी स्फटिक घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत भरा, म्हणजे पावसाळ्यातही ते ओले होणार नाहीत.